हे अंशतः खरे आहे

आमदार वासुदेव सारंग माझ्या होडीत कधी बसले नाहीत.
उभेच. नाळीकडे पाठ, तोंड माझ्याकडे,
एका हातात चपला, दुसऱ्यात कागद.
पंधरा वर्षं मी त्यांना तांबळीच्या खाडीत
या काठाचं त्या काठाला केलं
आणि पंधरा वर्षं ते मला
माझ्याच पोटावर येणारा पूल वाचून दाखवत राहिले.

"ऐक याकूब. हे खरे आहे काय, की
तांबळी खाडीवर पूल नसल्याने
रुग्ण व विद्यार्थी यांना होडीने प्रवास करावा लागतो?"
मी म्हणायचो, खरंच आहे भाऊ, जरा सरका, होडी कलते.
"असल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"
कारणं मी कुठली सांगणार. वल्हं मारायचो.

उत्तर आलं की तेही वाचायचे.
हे अंशतः खरे आहे.
एवढ्यासाठी हा माणूस
रातराणीच्या मागच्या बाकावर अकरा तास
गुडघे पोटाशी घेऊन जायचा.
अंशतः म्हणजे किती, मी विचारलं एकदा.
घोट्याएवढं? कमरेएवढं?
आमच्याकडे पाण्याला माप असतं.
ते हसले, आणि मग पलीकडचा काठ येईपर्यंत
काहीच बोलले नाहीत.

डिसेंबरात नागपूर. येताना पिशवीभर संत्री,
त्यातली चार माझ्या पोरांना.
तरी आठ आणे फळीवर वेगळे ठेवायचे.
एकदा सभागृहात त्यांनी रापण हा शब्द उच्चारला
तर मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं.
हे त्यांनी मला तीनदा सांगितलं,
तिन्ही वेळा नव्यानं सांगितल्यासारखं.

मग पूल मंजूर झाला.
मुकादमानं फक्कीची रेघ ओढली
ती घाटाच्या पायऱ्या उतरून
ओढून ठेवलेल्या माझ्या होडीपाशी थांबली.
त्याच महिन्यात निवडणूक.
शाळेच्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशाला,
शिक्का माझ्या हातात होता
आणि घरात चार पोरं.

एकसष्ट मतांनी पडले.
आमच्या वाडीच्या पेटीत दरवेळेपेक्षा अकरा कमी.
त्यांना प्रत्येक पेटी पाठ असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी आले आणि बसले.
पहिल्यांदाच. मधल्या फळीवर, चपला मांडीवर.
मी वाट बघत होतो,
आता विचारतील, हे खरे आहे काय, की.
त्यांनी बोटं पाण्यात सोडली.
"भरती थांबली वाटतं," म्हणाले.
थांबली होती. ना आत, ना बाहेर.
अशा पाण्यात होडी नुसत्या हाताच्या जोरावर न्यावी लागते.

पुलाचं उद्घाटन ज्यांनी केलं त्यांचं नाव दगडावर आहे.
भाऊंना पत्रिका आली ती तिसऱ्या दिवशी.
पोरं माझी कामाला लागली, एक तर त्याच पुलावरून
सहा आसनी चालवतो.
होडी मी विकली नाही. कालवं काढणाऱ्या बायका असतात,
कुणाची म्हैस पलीकडे जाते.

परवा डिसेंबरात खाली कुणीतरी काठी वाजवली.
बघतो तर भाऊ. हातात पिशवी.
"नेतोस काय रे?"
वरून पाच मिनिटांत गेले असते.
मी गोणपाट झटकून फळीवर घातलं.

पुलाच्या सावलीत पाणी गार लागतं.
तिथे मी वल्हं वर घेतलं आणि म्हटलं,
भाऊ, त्या वेळचं ते मत...
ते संत्रं सोलत होते. बाजारातलं, सालीला चिकटलेलं.
वरून एसटी गेली, खांब थोडासा घुमला.
एक फोड माझ्या तळव्यावर ठेवत म्हणाले,
"प्रश्न उद्भवत नाही."

आंबट होती. खाल्ली.
ओहोटी लागलेली, घाटापर्यंत होडी जाईना.
ते चपला हातात घेऊन चिखलात उतरले,
घोट्यापर्यंत, मग त्याहून थोडं वर.
मागे फळीवर नाणं होतं, आठ आण्याचं.
हल्ली दुकानात कुणी घेत नाही ते.