माल उलटा करून बघावा

एप्रिल. बेचाळीस डिग्री.
नव्या पेठेतल्या दुकानात दोनच पियानो.
एक सपाट, विजेवरचा,
बटण दाबलं की बासरी, पुन्हा दाबलं की चर्चचा ऑर्गन.
दुसरा उभा, कपाटाएवढा,
होटगी रस्त्यावरच्या कुठल्या शाळेनं मागवलेला
आणि ट्रस्टी बदलले म्हणून नाकारलेला.

माझ्याकडे थकबाकीचे पैसे होते,
आणि रणभिसे बाईंनी पाकिटाच्या मागं
लिहून दिलेल्या तीन ओळी:
पट्टी जड हवी.
पेडल करकरू नये.
आणि खाली रेघ ओढून, घाई करू नकोस.

मी विजेवरच्याकडे झुकले होते.
स्वस्त. हलका. आमचा जिना अरुंद.
सूर लावायला पुण्याहून माणूस नको,
हेडफोन लावला तर शेजारचे चिलवेरी झोपतील.
अय्या म्हणाला, "लाईट गेल्यावर?"
होनमुर्गीचा पोरगा म्हणाला, "बंद."
अय्या हसला.
चाळीस वर्षं पॉवरलूम चालवलेला माणूस.
लाईट गेल्यावर शेडमध्ये पडते ती शांतता
तासाला किती रुपयांना पडते
हे त्याला तोंडपाठ.

मग उभ्यासमोर जाऊन,
"उघडा की ओ."
झाकण निघालं.
आत तारा. वरपासून खालपर्यंत.
तो जरा वेळ गप्पच.
मग घरच्या तेलुगूत, हळू
(म्हणजे त्याच्या मते हळू, दुकानभर ऐकू गेलं),
"पोरी, हा तर ताणा आहे. लोखंडाचा."
आणि मोजायला लागला.
साठाच्या पुढं पोरगा म्हणाला, "दोनशे तीस असतील काका."
"असतील म्हणजे?"
पुन्हा पहिल्यापासून.

हातोड्याची लोकर चिमटीत धरून बघितली.
मग म्हणाला, "फिरवा."
"काय फिरवा?"
"भिंतीकडची बाजू दाखवा.
माल उलटा करून बघावा.
पुढून सगळ्यांचंच विणकाम चांगलं असतंय."

तीन हमाल बोलावले, चहा सांगितला.
मागं उघडं लाकूड, आडवे दांडके,
कुणीतरी खडूनं घातलेला आकडा.
अय्यानं त्यावर तळवा ठेवला,
चादरीच्या ठाणावर ठेवतो तसा, सपाट.
"वाजव. डावीकडनं. एकेक."

मी वाजवत गेले.
तो प्रत्येक पट्टीला मान हलवत होता,
जाड सूत, मध्यम सूत, बारीक.
वर वर गेले तशी मान थांबली.
मी वाजवतेच आहे.
तळवा तिथंच.
"ह्या काय बंद पडल्यात?"

पोरग्यानं तोंड उघडलं.
मी त्याच्याकडे बघितलं.
त्यानं मिटलं.
बाहेर एक रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता, कन्नडमध्ये.
अय्या माझ्याकडे बघत राहिला, मग तारांकडे,
मग शेवटच्या पट्ट्या स्वतः दाबत गेला
बोटानं मोजत.
"अकरा," म्हणाला.
आणि पोरग्याला, चेहरा जराही न हलवता,
"अकरा पट्ट्यांचे पैसे कमी लावा."

पोरग्यानं स्टूल फुकट दिलं.

पियानो आला त्या दिवशी नेमकं पाचव्या दिवसाचं पाणी.
जिन्यात नळी, घागरी, ड्रम,
अम्मा वरून ओरडते आहे, हमाल खालून.
बाहेरच्या खोलीत, शहाबादी फरशीवर
पहिल्या मागाच्या बोल्टांची चार भोकं अजून आहेत.
एक पाय बरोबर भोकावर आला.
खाली पुठ्ठा घातला.

रोज सकाळी मी डबा भरते तेव्हा
तो सेकंड मालातला टॉवेल घेऊन
पट्ट्या पुसतो, डावीकडून उजवीकडे.
शेवटच्या अकरांपाशी हात सावकाश होतो.
एक दाबतो,
आणि माझ्या तोंडाकडे बघतो.
मी मान हलवते.
पुढची दाबतो.