पंखा वाढव

सावद्याच्या त्या दवाखान्यात डॉक्टर आत आला
तेव्हा पहिलं वाक्य माझ्याशी बोलला नाही.
सिस्टरला म्हणाला, पंखा वाढव.

एवढंच मला पक्कं आठवतं.
बाकी सगळं मे महिन्यातलं:
रेक्झिनला चिकटलेली पाठ,
आधी कितीतरी वेळ काळोख,
मोबाइलच्या टॉर्चमध्ये सिस्टरचे एकटीचे दोन हात
आणि तिचं ते, जोर लाव वं माय, जोर लाव,
खांदा अडकलाय.

केस पेपर म्हणतो:
डॉक्टर हजर, रात्री दोन चाळीस.
मुलगी. चार किलो दोनशे.
दोनचा आकडा जरा जाड आहे.
खाली दुसरा आकडा झोपलाय, वकीलबाई म्हणाल्या,
पण झोपलेल्याला साक्षीला बोलावता येत नाही.

हर्षालीचा उजवा हात वर जात नाही.
खांद्यापासून लोंबतो, तळवा मागे वळलेला,
कुणाकडून गुपचूप काही घेत असल्यासारखा.
देवळात ती डावा हात पुढे करते.
पुजारी प्रसाद देता देता थांबतो.
थांबतो, मग देतो.
ते थांबणं किती रुपयांचं,
अर्जात त्याला रकाना नाही.

दोन वर्षांची मुदत संपायला अकरा दिवस होते
तेव्हा आम्ही जळगावला तक्रार टाकली.
तोवर सासू म्हणत होती, वैर नको,
उद्या रात्री-बेरात्री त्याच्याच पायऱ्या चढायच्या.
लिहून द्यायला एक डॉक्टर मिळेना.
एकाने चहा पाजला, हात वाकवून पाहिला,
चूक झालीय, असं तोंडाने म्हणाला
आणि पेनाला टोपण लावलं.
समोरच्यांनी उत्तरात लिहिलं:
मुलगी आहे, लग्न होऊन जाईल,
सबब कमाईचे नुकसान धरू नये.
'सबब' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला.

मग तारखा.
सावदा, भुसावळ, तापीचा पूल, मांडीवर फाइल,
फाइलवर डबा, डब्यावर हर्षालीचं डोकं.
पाचव्या की सहाव्या खेपेला पुकारा झाला,
कल्पिता गोकुळ अत्तरदे.

ताई, तुम्ही कळांमध्ये होतात. घड्याळ पाहिलंत?
नाही.
मग वेळ कशी सांगता?
मी म्हणाले, पंखा.
मागे कुणीतरी हसलं.

गोकुळ हसला नाही.
तो केळीच्या काट्यावर वजनं लिहितो.
आकड्यावर आकडा गिरवला तर
व्यापारी पावती फेकून देतो, त्याला ठाऊक.
त्याने दहा रुपयांचा स्टॅम्प लावून
माहितीच्या अधिकारात वीज कंपनीला विचारलं,
त्या रात्री आमच्या फीडरवर लाईट कधी नव्हती?
महिन्याने एक ओळ आली.
बंद, एक पाच. सुरू, चार दहा.

तीन तास पाच मिनिटं.
दोन चाळीसला कोणता पंखा वाढवत होतात, साहेब?

हे मी विचारलं नाही. वकीलबाईंनी विचारलं,
माझ्यापेक्षा सभ्य शब्दांत.
साहेबांनी रुमाल काढला.

आता ते म्हणतात, इन्व्हर्टर होता.
आम्ही म्हणतो, बिल दाखवा.
ते म्हणतात, पुढची तारीख द्या.
मिळाली. सतरा.

काल दुपारी उकाड्याने जीव नको झाला होता.
हर्षालीने स्टूल ओढलं, ढकलत, पोटाने,
वर चढली,
भिंतीला खांदा टेकवला, तोच, उजवा,
आणि डाव्या हाताने बटण शेवटच्या काट्यापर्यंत फिरवलं.
खाली उतरताना मी धरायला गेले
तर म्हणाली, तू हो बाजूला.