गिरमिट

जानेवारीत औलूला उजेड
उसन्या पैशासारखा येतो, उशिरा आणि मोजून.
बैठकीचा विषय एकच: चाचणीची कुठली चौकट ठेवायची.
माणसं अकरा, भाषा पाच.
जुनं सगळं जावामध्ये, हिशेब पायथनमध्ये,
पडद्यावरचं जावास्क्रिप्टमध्ये, खांबांवरच्या संवेदकांचं गोमध्ये,
आणि ओत्सोने जागून हास्केलमध्ये लिहिलेला तो तुकडा
ज्याला कुणी हात लावत नाही.
समुद्र गोठला की बेटाकडे बर्फावरून रस्ता निघतो.
तो उघडा की बंद, हे आम्ही सांगतो.
टिपणं घ्यायचं काम माझं.

हिल्का जेयुनिटच्या बाजूने. एकवीस वर्षं तेच.
दर चाचणीआधी भांडी घासून मांडते,
चाचणी झाली की पुन्हा घासते.
"आधी अपेक्षित, मग प्रत्यक्ष," ती म्हणाली,
"क्रम उलटा केलात तर यंत्र रडतं खरं,
पण चुकीच्या खांद्यावर."

तैमीचं मत पायटेस्टला.
तिथे नुसतं म्हणायचं, हे असं आहे.
नसलं, तर ते आवाज न चढवता दाखवतं:
डावीकडे हे, उजवीकडे ते, बिनसलं ते इथे.
"माझ्या संसारात असं कुणी दाखवलं असतं तर,"
ती म्हणाली, आणि कुणीच हसलं नाही.

रेइमाच्या गोमध्ये चौकट म्हणावं असं फारसं काही नाही.
मिळालं काय, हवं होतं काय,
मधलं जर-तर तुमचं तुम्ही लिहा.
खाणावळीत बसावं आणि त्यांनी
पीठ, परात, तांब्याभर पाणी पुढ्यात ठेवावं, तसं.
रेइमाला ते आवडतं. तो तसाही कमी बोलतो.

जेस्टची बाजू मांडायला कोणी नव्हतं, म्हणून मी.
ते कालच्या पडद्याची छबी काढून ठेवतं
आणि आजची तशीच आहे का बघतं.
नसली, तर एक कळ दाबायची,
की आजचं चुकलेलं उद्याचं प्रमाण.
ती कळ मी दाबलेली आहे. एका शुक्रवारी.
टिपणांत हे नाही.

ओत्सो म्हणाला, तुम्ही सगळे शितावरून भात ओळखता,
आणि शीतही तुम्हीच निवडता.
तो उदाहरण लिहीत नाही. नियम लिहितो:
बर्फ पुरेसा नसेल तर फाटक उघडायचं नाही.
बाकी यंत्र बघतं. शंभर वेळा वाटेल ते फेकतं.
चौऱ्याण्णवाव्याला अडलं:
जाडी सात सेंटिमीटर, वारा वायव्येचा,
मंगळवार, धुकं, वजनाच्या जागी शून्य.
मग ते अडचण सोलत गेलं.
वारा काढला, तरी चूक. मंगळवार काढला, तरी चूक.
धुकंही गेलं. शेवटी उरलं एवढंच:

जाडी शून्य. वजन शून्य. रस्ता खुला.

तीन हजार चाचण्या हिरव्या होत्या.
"शून्य कुठून येणार?" कुणीतरी विचारलं.
रेइमा पहिल्यांदाच बोलला:
"काटा गोठला की शून्य पाठवतो.
संवेदक मुका झाला, तर तोही."

हिल्काने उर्पोला फोन लावला.
उर्पो रोज पहाटे गिरमिट घेऊन बर्फावर जातो,
दर दोनशे पावलांवर भोक पाडतो,
पट्टी बुडवतो, वहीत लिहितो.
आमच्याआधीपासून. आमच्यावर विश्वास नाही म्हणूनही.
तिने विचारलं, शून्य आलं तर काय करतोस?
पलीकडे वारा ऐकू येत होता.
"शून्यावर मी कधी उभा राहिलो नाही," तो म्हणाला,
"त्यामुळे सांगता येत नाही."

ठराव झाला नाही.
हिल्काने जेयुनिटमध्ये लिहिलं, अपेक्षित: बंद.
तैमीने एका ओळीत. रेइमाने स्वतःचं जर-तर मळून.
मी कळीपासून बोट लांब ठेवलं.
बाहेर सूर्य यायच्या आधीच जायला निघाला होता.
त्या दिवशी तांबडं फुटलं ते दुपारी दोनला,
चार पडद्यांवर, एकदम.