फॉल्ट रजिस्टर

एकतीस वर्षं मी सिग्नलचे फॉल्ट शोधले,
भुसावळच्या यार्डात, रात्री-बेरात्री.
अंगात मुरलंय, आधी सोपं तपासायचं.
फ्यूज, मग तार, मग रिले.
देवाचं नाव सगळ्यांत शेवटी.

म्हणून गच्चीवर डब्यांत, बादल्यांत लावलेलं
एकेक करून रुसायला लागलं,
तेव्हा मी कोरी वही काढली, रकाने आखले:
तारीख. लक्षण. कारण. कोणी दुरुस्त केलं.

चौदा मार्च. टोमॅटो.
बूड काळं, दबलेलं, जुन्या चपलेसारखं.
औषध मारलं दोनदा. फरक नाही.
मग आठवलं, यावलला लग्नात अडकलो होतो तीन दिवस.
माती भेगाळली, आणि आल्या-आल्या
मी ओतल्या दोन बादल्या, अपराध्यासारख्या.
कारण: रोग नव्हे. पाण्याचा टाइमटेबल.

वांगं भरताचं, बी बामणोदचं.
शेंडा दुपारी मान टाकी,
मी म्हणे ऊन, आणि पाणी घाली,
तो संध्याकाळीही मान उचलेना.
शेवटी ब्लेडने उभा चिरला:
आत अळी. गुलाबी, निवांत,
क्वार्टर मिळालेल्या माणसासारखी.
तिला शेंड्यासकट साबणाच्या पाण्यात.

मिरचीच्या बोकड्याचं पान कोरं आहे.
तिथं मी हरलो.

आणि दुधी.
मांडव भरून पांढरी फुलं,
सकाळी खाली पडलेली, ओल्या टिपकागदासारखी.
पाणी बरोबर. ऊन बरोबर. खत, थोडं जास्तच.
अठरा दिवस मी रोज लिहिलं: कारण सापडत नाही.
नोकरीत हे वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं.

खालच्या कोकिळाबाई फिरके
बिबड्या वाळत घालायला वर आल्या.
माझ्याकडे नाही, वेलाकडे पाहिलं.
'भाऊ, हे सारे नर हायेत.
हे पाह्य, हिच्या मांगं बोटायेवढा दुधी.
ही मादी. हिले कोनी भेटलंच नाही.
तिसऱ्या मजल्यावर कोन येईन रे बाप्पा?
आन् तू पाह्यतो सकायी.
हे फूल दिवेलागणीले उमलते.'

त्या संध्याकाळी भिंती अजून तव्यासारख्या,
सुरतकडची गाडी नुकतीच सुटलेली.
एक नर फूल खुडलं,
पाकळ्या सोलून मागे केल्या,
आणि जिवंत तारेला तार लावताना
धरायचो तसा श्वास धरून
हलकेच टेकवलं.
पिवळी भुकटी माझ्या नखातही राहिली.
कोणी बघत नव्हतं, तरी लाजलो.

तीन फुलं. दोन पिवळी पडून गळाली.
तिसऱ्याने चौथ्या दिवशी मान खाली घातली,
वजन आल्यासारखी.

'कोणी दुरुस्त केलं' समोर
मी त्यांचं नाव लिहिलं, पूर्ण.
त्यांनी वही लांब धरून वाचली
आणि सही करायला पेन मागितलं.

दुधी काढला तेव्हा म्हणाल्या,
'आधी कच्चा चाखून पाह्य. कडू लागला
तं फेकून दे, जीव लावू नको.'

देठाकडची चकती जिभेवर ठेवली.
थांबलो.

नऊ मे. शेरा:
कडू नाही.