दो सा

आमच्या त्सुगारुत बर्फच बोलणं छाटतो.
"दो सा?" म्हणजे कुठं निघालास.
"यू सा." म्हणजे न्हायला.
झालं. ओठ मिटले. ऊब आतच राहिली.

सुशी, काजळी आणि सिंह,
तिघांना आमच्याकडे उच्चार एकच.
आजवर कुणी सिंह खाल्ला नाही.

किसुके तोक्योला गेला,
मोठ्या दुकानात लिफ्टपाशी मजले पुकारायला.
तिथल्या बाईंनी दातांत पेन्सिल धरायला लावली:
जबडा उघडा, शब्द अर्धा गिळू नका.
सहा महिने. हिरडीतून रक्त यायचं,
हे त्यानं फक्त मला सांगितलं.

नव्या वर्षाला घरी आला.
संध्याकाळी टॉवेल खांद्यावर टाकला, दार सरकवलं.
शेगडीपासून आई, पाठमोरीच, "दो सा?"

तो वळला. टाचा जुळवल्या.
"मी जरा सार्वजनिक स्नानगृहाकडे
जाऊन येत आहे."

वाक्य संपेतो
उंबऱ्याच्या आत बोटभर बर्फ.

आई उठली, केरसुणी घेतली,
आणि रेडिओवरची बाई आठवत, अडखळत,
पोटच्या पोराला म्हणाली,
"कृपया... सावकाश जाऊन यावे."