सदतीसचा पाढा

शाळेत पाढे तीसपर्यंतच होते.
सदतीसचा मी शिकले सांगलीच्या मार्केट यार्डात,
हळदीच्या हंगामात, अडतीच्या ओट्यावर,
दस्तगीरमामांच्या तोंडून.

सदतीस किलोचं पोतं कुणी भरत नाही.
नांद्र्याचे भूपाल चौगुले भरतात.
कुठल्याशा बंद गिरणीची बुटकी पोती आहेत त्यांच्याकडे,
गळ्यापर्यंत दाबून शिवली
की काटा सदतीसवरच येऊन उभा राहतो.

पहिल्या पोत्याला मामा एक म्हणत नाहीत,
लाभ म्हणतात.
मग पोतं काट्यावरून उतरता उतरता बेरीज, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल अशी:
सदतीस.
चौऱ्याहत्तर.
एकशे अकरा, आणि इथं जरा श्वास.
एकशे अठ्ठेचाळीस.
एकशे पंच्याऐंशी.
दोनशे बावीस, परत श्वास.
तिसऱ्या पोत्याला आकडे असे
एका आईची लेकरं होऊन येतात.
"तीनशे तेहतीसला पाठ आपोआप सरळ होते," मामा म्हणतात,
मी हसते. त्यांचं वय अडुसष्ट.

मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली.
बटणं सगळी पिवळी, सातावरचा सात तर पुसूनच गेलाय.
किती हंगाम गेले तेव्हा कधीतरी दिसलं,
मामांच्या बेरजेचा शेवटचा आकडा
माझ्या बटणांवरून जिना उतरतो:
सात, चार, एक,
मग शेजारच्या ओळीत आठ, पाच, दोन,
मग नऊ, सहा, तीन,
आणि दहाव्या पोत्याला तळमजल्यावर शून्य.
अकराव्याला मामा म्हणतात चारशे सात,
आणि बोट परत माडीवर.
कुणी बसवला असेल हा जिना?
शेठना विचारलं तर म्हणाले, "पावत्या झाल्या का?"

परवा पाचशे पंचावन्न झाले. पंधरा पोती.
माझं बोट दोनवर जाऊन बसलेलं,
मामा म्हणाले, "पाचशे नव्वद."
"मामा, ब्याण्णव."
"नव्वद."
"पंचावन्ननंतर ब्याण्णवच येतं हो!"
एवढं ठासून मी घरीही बोलत नाही.
मनात आलं, थकले आता. चुकायला लागले.
मामांनी काही न बोलता पोतं आडवं केलं.
खालच्या शिवणीला उंदरानं पाडलेलं
बोटाएवढं भोक.
काटा पस्तीसवर.

पाढा बरोबर होता माझा, पोतं बरोबर नव्हतं,
आणि मामा पाढा नाही, पोतं मोजत होते.

रत्नाक्का केरसुणी घेऊन ट्रॉलीत चढली,
सांडलेली हळकुंडं घमेल्यात गोळा करून आणली,
चौगुल्यांनी दाभण मारून भोक शिवलं,
परत काटा. सदतीस.
"घे तुझं ब्याण्णव," मामा म्हणाले
आणि पुढं निघाले, सहाशे एकोणतीस, सहाशे सहासष्ट...

सत्ताविसाव्या पोत्याला माल संपला.
नऊशे नव्व्याण्णव.
ट्रॉलीत डोकावून चौगुले म्हणाले,
"हजार लिही की बाई. एका किलोनं काय यार्ड बुडतंय?"
मी नऊशे नव्व्याण्णव लिहिलं.
तीन नऊ, तिन्ही माझ्या अक्षरात जरा वाकडे.

मामा ओट्याच्या कडेला उभे राहून
टॉवेल झटकत होते,
मग सदऱ्याची बाही, मग कान, मग भुवया.
उन्हात पिवळा ढग उठला
आणि रत्नाक्काच्या धुतलेल्या लुगड्यावर बसला.
ती करवादली, "अहो, तिकडं झटका की!"

मी कॅल्क्युलेटर फडक्यात गुंडाळला.
चहा प्यायला कप उचलला, तर कपावर
माझ्याच बोटांचे ठसे, पिवळे.
मोजून पाहिले. चार.