केंटकी, मंगळवारची पाळी

गाडीच्या किमतीवर वेगळे पैसे मोजून
डॉक्टर हॉलिस आलेत
माझ्यासारखं राबायला.
मला याच कामाचे तासाला मिळतात…
जाऊ दे.

आठ सिलिंडर, सोळा झडपा.
मी पाना देते, ते आवळतात.
‘कट्’ वाजलं की थांबायचं, सांगते.
पहिल्यांदा कुणीच थांबत नाही.

चाळीस वर्षं लोकांचे दात काढले म्हणे.
पिस्टन आत सरकवताना
सवयीनं पुटपुटले :
दुखलं तर हात वर करा.

मी हसले नाही.
पाळी संपताना इंजिनावर त्यांच्या नावाची पाटी बसवली.
‘व्हर्ना टॅकेट’ लिहिलेली
माझ्याच खिशात राहिली.

पार्किंगमध्ये माझा म्हातारा ट्रक
तिसऱ्या किल्लीला खोकत उठला.
म्हटलं,
दुखलं तर सांग रे बाबा.